केलीला जाण्याआधी: ग्लासगोतल्या नाचाच्या रात्रीची पूर्वतयारी आणि क्रम

आधी उच्चार. स्पेलिंग बघून ‘सेलिड’ म्हणाल तर तिकीट देणारी बाई गालात हसेल. शब्द गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या एका जुन्या भाषेतला आहे आणि उच्चार ‘केली’. केळी नव्हे, केली. अकॉर्डियन, फिडल आणि ड्रम वाजवणारा बँड, पावलं सांगणारा एक माणूस, आणि हॉलभर ओळखीचे-अनोळखी लोक एकत्र नाचतायत, अशी ती रात्र.

दर सप्टेंबरात आपली नवी मुलं शिकायला ग्लासगोत येतात. ऑक्टोबरात त्यांचा एक घोळका केलीला जातो आणि परत येऊन सांगतो, “मजा नाही आली, आम्हाला नाच येत नाही ना.” मी खोदून विचारते. साडेसातची वेळ असताना ही मंडळी नऊला पोचलेली असतात. कोपऱ्यातलं टेबल पकडलं, ‘आधी दोन नाच बघू, मग उतरू’ असं ठरवलं, आणि मग ते ‘मग’ काही आलंच नाही. इथे गफलत नाच न येण्याची नाही, क्रमाची आहे. म्हणून हा लेख क्रमानेच लिहिते.

१. कोणती केली, ते आधी ठरवा

पहिली केली कुणाच्या लग्नातली नसावी. इथल्या मुलांना शाळेत पीटीच्या तासाला, बहुतेक ठिकाणी नाताळच्या आधी, हे नाच शिकवतात. आपल्या शाळेत लेझीम असायचं तसंच. त्यामुळे लग्नात बरेचदा कुणी काही समजावत बसत नाही. बँड सुरू होतो आणि सगळे आपापल्या जागी उभे राहतात. तुम्ही तेवढे खांबासारखे मध्ये.

पहिल्यांदा तिकिटाच्या सार्वजनिक केलीला जा. शहराच्या मध्यभागी आर्गाइल आर्केडच्या बाजूला स्लोन्स नावाचा जुना पब आहे. त्याच्या वरच्या बॉलरूममध्ये शुक्रवारी केली असते. विद्यापीठांच्या संघटनांच्याही असतात आणि त्या स्वस्त पडतात. तिकीट काढताना एकच प्रश्न विचारा: “कॉलर आहे का?” कॉलर म्हणजे माइकवरून पावलं सांगणारा. तो आधी बँडशिवाय, सावकाश, सगळ्यांकडून नाच चालवून घेतो. याला ‘वॉक-थ्रू’ म्हणतात, आणि आपली सगळी भिस्त त्यावरच.

३० नोव्हेंबर (सेंट अँड्र्यूज डे), ३१ डिसेंबर (हॉगमनाय) आणि २५ जानेवारी (बर्न्स नाइट) या दिवसांच्या आसपासची तिकिटं फार आधी संपतात. गर्दीही एवढी की नवख्याला पाय ठेवायला जागा नसते. ऑक्टोबरातला किंवा फेब्रुवारीतला साधा शुक्रवार उत्तम.

किती जणांनी जायचं? चार किंवा सहा. दहाजण गेलात की आपसातच मराठीत गप्पा मारत बसाल, आणि मग दादरला बसला असतात तरी काय बिघडलं असतं! एकट्याने गेलात तरी चालतं, त्याबद्दल पुढे सांगते.

तपासा: तिकिटावर दरवाजे उघडण्याची वेळ आणि नाच सुरू होण्याची वेळ वेगळ्या असतील. पोचायचं ते पहिल्या वेळेला.

२. कपडे आणि बूट

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

बाहेर पाच अंश, आत अर्ध्या तासात घामाच्या धारा. आत सुती टी-शर्ट किंवा कुर्ता, त्यावर काढता येईल असा स्वेटर, त्यावर पावसाचं जॅकेट. जाड थर्मल घालून गेलात तर दुसऱ्या नाचाला बाथरूममध्ये जाऊन सोलून काढावे लागतील. छत्री घरीच ठेवा. इथला पाऊस वाऱ्यासोबत आडवा येतो आणि छत्री उलटी होते.

बूट सपाट हवेत, पायाला घट्ट बसणारे, आणि तळवे फार पकड धरणारे नसावेत. माझ्या पहिल्या केलीला मी धावायचे नवे शूज घालून गेले. रबरी तळवा लाकडी फरशीला चिकटला, वरचं अंग फिरलं, गुडघा राहिला तिथेच. पुढचे दहा दिवस जिना एकेक पायरीने चढत होते. टाचेचे बूट नकोत. तुमचा पाय मुरगळेल ते सोडा, शेजारच्याच्या पावलावर ती टाच पडली तर तो रात्रभर बसून राहील. मोकळ्या चपलाही नकोत, त्या उडतात.

पुरुषांना किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा चौकड्यांचा, गुडघ्यापर्यंतचा घागरा) लागत नाही. सार्वजनिक केलीत निम्मे लोक जीन्समध्ये असतात. हौस असेल तर भाड्याने मिळतो, पण पहिल्या दिवशी किल्ट सांभाळू की पावलं, अशी दोन डगरींवरची कसरत कशाला?

साडी नेसून जाऊ का, हा प्रश्न मला दरवर्षी येतो. पाचवारी नको. निऱ्यांमध्ये पाय अडकतात, आणि रांगेतून फिरताना पदर कुणाच्या तरी कोपरात जातो. नऊवारी मात्र झकास चालते. काष्टा मारलेला, पदर कमरेला खोचलेला, पाय मोकळे. माझ्या एका मैत्रिणीने हे करून दाखवलं, आणि त्या रात्री किल्टवाल्यांपेक्षा तिचेच फोटो जास्त निघाले.

काचेच्या बांगड्या घरी काढून ठेवा. हात धरून वेगात फिरायचं असतं, काच फुटली तर दोघांनाही लागते. लांब मंगळसूत्र कपड्याच्या आत. मोठ्या खड्याची अंगठी नको. ओढणी कोटाबरोबर क्लोकरूममध्ये. चष्म्याला मागून दोरी असेल तर बरं.

३. पोट आणि ओळखपत्र

संध्याकाळी सहाच्या सुमारास जेवून निघा. पबचं स्वयंपाकघर नऊच्या आसपास बंद होतं, कधी आधीच. ‘तिथेच काहीतरी खाऊ’ म्हणणाऱ्यांना शेवटी कुरकुरीत बटाट्याची पाकिटं मिळतात. पण भरपेट भातही नको. पोटात वरणभात आणि पायात पोल्का, हे जमत नाही.

वयाचा पुरावा सोबत ठेवा. पंचविशीच्या आतले वाटलात तर विचारतातच. कॉलेजचं ओळखपत्र त्यासाठी चालत नाही. पासपोर्ट किंवा फोटो असलेलं ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. पासपोर्ट घामाच्या खिशात घेऊन नाचणं धोक्याचं, म्हणून बरीच मुलं इथलं शिकाऊ लायसन्स काढून ठेवतात. गाडी शिको न शिको.

गाडी घेऊन जाणार असाल तर एक थेंबही नको. स्कॉटलंडमधली रक्तातल्या मद्याची मर्यादा डिसेंबर २०१४ पासून इंग्लंडपेक्षा कडक आहे: १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, तिकडे ८०. लंडनच्या चुलतभावाचा सल्ला इथे कामाचा नाही.

४. पोचल्यावरची पहिली दहा मिनिटं

१. कोट आणि बॅग क्लोकरूममध्ये द्या. चिठ्ठी फोनच्या कव्हरात ठेवा, खिशात नको. नाचताना खिसे रिकामे होतात.

२. नाचाच्या जागेला लागून असलेलं टेबल धरा, दाराजवळचं किंवा कोपऱ्यातलं नको. कोपऱ्यात बसलेल्याला कुणी उठवायला येत नाही.

३. एक ग्लास पाणी प्या. नळाचं पाणी मागितल्यावर फुकट देणं परवाना असलेल्या ठिकाणांना बंधनकारक आहे, मागायला लाजू नका.

४. कॉलर कुठे उभा आहे ते बघून घ्या. पुढे तो ‘स्टेजकडे तोंड’, ‘स्टेजकडे पाठ’ अशा भाषेत बोलेल.

इशारा: पेय हातात घेऊन नाचाच्या जागेत जायचं नाही. फरशीवर सांडलेली बिअर ही त्या रात्रीची सगळ्यात मोठी अपघाताची जागा.

५. पहिला नाच: काही झालं तरी उभे राहा

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. कार्यक्रम सोप्याकडून अवघडाकडे जातो. पहिल्या नाचात जे शिकवतात, म्हणजे आठ मोजणं, हात कसा धरायचा, गोल कुठल्या दिशेने फिरतो, ते नंतर कुणी पुन्हा सांगत नाही. पहिले दोन नाच ‘बघून’ घेणारा माणूस तिसऱ्याला पहिलीत न बसता तिसरीत गेलेल्या पोरासारखा दिसतो.

पहिला नाच बहुतेक वेळा गे गॉर्डन्स असतो. जोड्या मोठ्या गोलात उभ्या राहतात, तोंड घड्याळाच्या उलट्या दिशेला. डावीकडचा जोडीदार आपला उजवा हात उजवीकडचीच्या खांद्यामागून नेऊन तिचा उजवा हात धरतो. डाव्या हातात डावा, समोर. मग:

१. चार पावलं पुढे.

२. हात न सोडता जागच्या जागी मागे वळा, आणि त्याच दिशेने चार पावलं उलटी, पाठीकडे.

३. आता तोंड आहे त्या दिशेला चार पावलं पुढे, पुन्हा वळा, चार पावलं उलटी.

४. उजवे हात वर. तिने खालून गिरक्या घ्यायच्या, आठ मोजेपर्यंत.

५. समोरासमोर धरून पोल्का, म्हणजे छोट्या उड्या घेत जोडीने गोल फिरणं, आठ मोजेपर्यंत. की पुन्हा पहिल्यापासून.

गडबड होते ती दुसऱ्या पायरीला. वळल्यावर माणसाला वाटतं, आता इकडे चालायचं. तो पुढे चालतो आणि मागून येणाऱ्या जोडीवर आदळतो. वळल्यावर पाठ जिकडे, तिकडेच जायचं. दुसरी चूक म्हणजे वळताना हात सोडणं. हात सैल ठेवा, ते आपोआप दुसऱ्या खांद्यावर जातात.

पोल्का येत नसेल तर? धरा आणि आठ मोजेपर्यंत गोल चाला. कुणीही बघत नाही, सगळे स्वतःच्या पायांकडे बघतायत.

जोडीदार नसेल तर जो कुणी जवळ उभा आहे त्याला विचारा. बाई पुरुषाला विचारते, बाई बाईला विचारते, आजोबा नातवाच्या वयाच्या मुलाला विचारतात. विचारणं म्हणजे फक्त या एका नाचापुरतं. नाच संपला की ‘थँक यू’ म्हणून वेगळं व्हायचं, त्याचा दुसरा कुठलाही अर्थ नाही. आपल्याकडच्या काही मुलांना हे उमगायला वेळ लागतो, म्हणून स्पष्टच लिहिलं. कुणी ‘नो थँक्स’ म्हणालं तर हसून पुढच्याकडे.

तपासा: पहिल्या नाचानंतर धाप लागली असेल पण गुडघा, घोटा दुखत नसेल, तर बूट बरोबर आहेत. दुखत असेल तर आत्ताच बदला किंवा नाडी घट्ट करा.

६. तिघांचा नाच

मग कधीतरी डॅशिंग व्हाइट सार्जंट येतो. विषम संख्येने आलेल्यांसाठी हा देवासारखा धावून येतो. तिघांची एक रांग दुसऱ्या तिघांसमोर उभी राहते. सहाजण हात धरून आठ मोजेपर्यंत डावीकडे, आठ उजवीकडे. मग मधल्याने उजवीकडच्याबरोबर एक गिरकी, डावीकडच्याबरोबर एक, आणि तिघांनी मिळून इंग्रजी आठ काढायचा. शेवटी दोन्ही रांगा पुढे येऊन पाय आपटतात, मागे जाऊन टाळी वाजवतात, आणि एक रांग हात वर करते, दुसरी खालून जाते. समोर नवे तिघे.

मधली जागा नवख्याने घेऊ नये, सगळं काम मधल्यालाच असतं. इंग्रजी आठ चुकला तरी घाबरू नका. ‘पाय आपटा’ ऐकू आलं की आपल्या रांगेत परत या, सगळं पुन्हा जुळतं.

दर फेरीला नवे तिघे समोर येतात, म्हणून ओळखी होण्याचा नाच हाच. नाव सांगायला वेळ नसतो, पण मान डोलवा, हसा. मध्यंतरात हेच लोक बारपाशी भेटतील.

७. स्ट्रिप द विलो: इथे सांभाळा

हा नाच सगळ्यांना हवा असतो आणि इथेच हात-खांदे दुखावतात. चार जोड्या, समोरासमोर दोन रांगा. वरची जोडी उजव्या हाताने एकमेकांना सोळा मोजेपर्यंत फिरवते. मग त्या जोडीतल्या बाईने समोरच्या रांगेतल्या प्रत्येकाला डाव्या हाताने फिरवत खाली जायचं, आणि मधे दरवेळी आपल्या जोडीदाराला उजव्या हाताने. खाली पोचल्यावर तिच्या जोडीदाराची पाळी, तो दुसऱ्या रांगेतून तसाच वर येतो. शेवटी दोघं एकदमच खाली.

मी नव्यांना एवढंच शिकवते: घरचा उजवा, बाहेरचा डावा. हात चुकला की सगळी रांग गुंतते.

फिरण्याला इथे ‘बर्ल’ म्हणतात. ज्याने लहानपणी फुगडी घातलीय त्याला हे शिकवावं लागत नाही. वजन मागे, पाय जवळ, नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर. नजर जमिनीवर गेली की चक्कर आलीच. फरक एवढाच की फुगडीत दोन्ही हात असतात, इथे एक. त्यामुळे पकड महत्त्वाची:

- बोटांत बोटं गुंतवू नका, अंगठे अडकवू नका.
- कोपरात कोपर घाला किंवा एकमेकांचा दंडाखालचा हात धरा.
- समोरचा फार जोरात फिरवत असेल तर कोपर वाकवून जवळ या, जोर उतरतो. आणि सरळ म्हणा, “जेंटल, प्लीज!” यात अपमान नाही.

याचाच एक ऑर्कनी बेटांकडचा प्रकार असतो. चार-चार जोड्यांऐवजी हॉलभर एकच लांब रांग आणि थोड्या थोड्या मोजणीने वरून नवी जोडी सुटत राहते. तो संपता संपत नाही. खांदा आधीच दुखत असेल तर त्यावेळी पाणी प्यायला जा.

इशारा: एटसम रील नावाचा आठजणांचा नाच जाहीर झाला तर पहिल्या रात्री बसून बघा. प्रत्येकाला पाळीपाळीने मध्ये जाऊन एकट्याने नाचावं लागतं, आणि तुमच्यामुळे सातजण अडतात. ‘आधी बघू’ हे धोरण फक्त इथे बरोबर आहे.

८. मध्यंतर आणि राउंड

नाचाइतक्याच चुका बारपाशी होतात. टेबलावर वेटर येत नाही, बारवर जाऊन मागायचं. रांग दिसत नसली तरी कोण कोणानंतर आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुमच्या आधीच्याला डावलून बारवाल्याने तुम्हाला विचारलं तर ‘ही वॉज फर्स्ट’ म्हणा. एवढ्याने अर्ध्या हॉलशी तुमची दोस्ती होईल.

नव्या ओळखीच्या माणसाने “व्हॉट आर यू हॅविंग?” विचारलं तर तो राउंड सुरू करतोय. तुम्ही काही घेतलंत की पुढची एक पाळी तुमची. आपल्याकडे बिल आलं की ‘मी देतो, मी देतो’ अशी झटापट होते. इथे तसं नाही, पाळी मुकाट्याने पाळली जाते, आणि चुकवणारा वर्षानुवर्षं लक्षात राहतो. दारू घेत नसाल तरी राउंडमध्ये राहता येतं. लाइम अँड सोडा मागा, किंवा नारिंगी रंगाचं आयर्न ब्रू. थोडा वेळच थांबणार असाल तर आधीच सांगा, “आय विल गेट माय ओन.” हे उद्धट नाही, घेऊन पसार होणं उद्धट आहे.

हवा खायला बाहेर जाताना ग्लास आत ठेवा. ग्लासगोत रस्त्यावर दारू पिण्यास मनाई आहे. आणि ‘नंतर दुकानातून घेऊन खोलीवर बसू’ हा बेत रद्द समजा, दुकानात दारूविक्री रात्री दहाला बंद होते.

९. शेवटचा गोल

शेवटी बहुतेक वेळा सगळे मोठ्या गोलात उभे राहून कवी रॉबर्ट बर्न्सचं ‘ऑल्ड लँग साइन’ हे गाणं म्हणतात. साइन, झाइन नव्हे. सुरुवातीला हात साधे धरायचे. शेवटच्या कडव्यात हात पुढे करण्याचा उल्लेख येतो, तेव्हाच ते छातीवर आडवे घालून दोन्हीकडच्यांना द्यायचे. पहिल्या ओळीपासून हात आडवे घातलेला माणूस पाहुणा आहे हे लांबूनही कळतं. मग गोल आत धावतो, चेंगराचेंगरीच होते जरा. लहान मूल सोबत असेल तर त्याला बाहेर ठेवा.

१०. घरी जाताना

आधी पाणी, मग स्वेटर, मग कोट, मगच दार. घामेजल्या अंगाने बाहेर पडलात तर सोमवारी लेक्चरला शिंकत बसाल.

सबवेची शेवटची गाडी साडेअकराच्या सुमारास असते. नाच उशिरापर्यंत चालणार असेल तर रात्रीची बस किंवा टॅक्सी आधीच ठरवा. सबवे म्हणजे १५ स्टेशनांचं एकच वर्तुळ. आउटर घड्याळाच्या दिशेने, इनर उलटा. बुकॅनन स्ट्रीटहून विद्यापीठाच्या हिलहेडला जायचं तर इनर पकडा, चौथं स्टेशन. चुकून आउटरमध्ये बसलात तरी पोचाल, फक्त नदीखालून पूर्ण वळसा घालून.

भूक लागली असेल तर चिपी, म्हणजे तळलेले मासे आणि बटाट्याचे जाड काप (इथले ‘चिप्स’) विकणारं दुकान, उघडी असते. शाकाहारी असाल तर चिप्स कशात तळल्यात ते विचारा, काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. पकोडा तर इथे जवळजवळ स्थानिकच पदार्थ झालाय, सोबत गुलाबीसर चटणी देतात. कांदाभजीची अपेक्षा ठेवून खाऊ नका. आणि चिप्सवर काय घालू असं विचारलं तर ग्लासगोत मीठ आणि व्हिनेगर. सॉस मागितलात तर ‘एडिनबराहून आलात काय?’ असं ऐकून घ्यावं लागेल.